ऊस एकच, बेटं दोन: मॉरिशस आणि फिजीबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकातल्या एका उत्तरात, ब्रिटिशांनी करारावर सही-अंगठा घेऊन ऊसमळ्यांवर नेलेल्या भारतीय मजुरांचा उल्लेख आला होता, तेव्हापासून मॉरिशस आणि फिजीबद्दल पत्रं येतच आहेत. बहुतेकांना दोघांची तुलना हवीय. त्यातले पाच प्रश्न घेतलेत. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर फार लांबलंय पण मी ते कापलं नाही, कारण बाकीच्या प्रश्नांची मुळं त्याच्यातच आहेत.

प्रश्न: नकाशात दोन्ही देश ठिपक्याएवढे दिसतात. खरंच एकसारखे आहेत का?

नाही हो, अजिबात नाहीत. फिजीची जमीन साधारण १८,२७० चौरस किलोमीटर आणि मॉरिशसची सगळी बेटं धरूनही २,०४० च्या आसपास, म्हणजे फिजी जवळपास नऊपट मोठा. माणसं मात्र उलटी, मॉरिशसमध्ये साडेबारा लाखांच्या घरात आणि फिजीत २०१७ च्या जनगणनेत ८,८४,८८७. त्यामुळे मॉरिशसमध्ये एका चौरस किलोमीटरला सहाशेच्या वर माणसं राहतात आणि फिजीत पन्नासेक, हा फरक डोक्यात ठेवा, पुढे लागेल.

मॉरिशस म्हणजे हिंदी महासागरात ज्वालामुखीतून वर आलेलं एक मुख्य बेट, मध्ये पठार, भोवती प्रवाळाचं कडं, सगळ्यात उंच शिखर फक्त ८२८ मीटर. रॉड्रिग्स नावाचं त्याचं धाकटं बेट पूर्वेला साडेपाचशे किलोमीटरवर आहे आणि २००२ पासून तिथला स्थानिक कारभार तिथलेच लोक बघतात. फिजी पॅसिफिकमध्ये, तीनशेच्या वर बेटं, त्यातल्या शंभरेकांवर वस्ती, पण बहुतेक माणसं व्हिटी लेवू आणि वानुआ लेवू या दोन मोठ्या बेटांवरच. व्हिटी लेवूवर डोंगर तेराशे मीटरच्या वर जातात, त्यामुळे आग्नेयेकडून येणारे वारे पूर्वेला अडतात आणि राजधानी सुवा कायम ओली असते, आणि पश्चिमेला लौतोका, बा, नांदी हा पट्टा त्यामानाने कोरडा. उसात साखर भरायला शेवटी कोरडे दिवस लागतात, म्हणून ऊस पश्चिमेला गेला आणि उसामागून भारतीय माणसंही तिथेच वसली. चक्रीवादळं दोघांच्याही नशिबी आहेत, मॉरिशसला १९६० चं कॅरोल अजून विसरता येत नाही आणि फिजीत २०१६ च्या फेब्रुवारीत विन्स्टन आलं तेव्हा ४४ माणसं गेली. फिजीला आणखी एक दुखणं आहे, समुद्र आत येतोय म्हणून २०१४ मध्ये वुनिदोगोलोआ हे अख्खं गाव उचलून वर हलवावं लागलं.

प्रश्न: दोन्हीकडे राज्य ब्रिटिशांचं, पीक उसाचं, मजूर भारतातून. मग मॉरिशसमध्ये एकदाही लष्कराने सरकार पाडलं नाही आणि फिजीत चार वेळा सत्ता उलथली, असं का? लोकांच्या स्वभावात काही फरक आहे का?

स्वभावाचं कारण मला मुळीच पटत नाही. फिजीतली माणसं भांडखोर आणि मॉरिशसची समजूतदार असं बोललं जातं तेव्हा वाईट वाटतं, कारण ज्यांनी सगळ्यात जास्त सोसलं त्यांच्याच माथी दोष मारला जातो. माझ्या मते मूळ कारण जमीन, आणि दुसरं बंदूक कोणाच्या हातात होती हे. नीट सांगतो.

मॉरिशसवर मुळात माणूसच राहत नव्हता. १५९८ मध्ये डच आले, १७१० ला सोडून गेले, मग फ्रेंच आले, त्यांनी आफ्रिका आणि मादागास्करहून गुलाम आणले, १८१० मध्ये ब्रिटिशांनी बेट जिंकलं, पण फ्रेंच मळेवाले, त्यांची भाषा, त्यांचा कायदा तसाच ठेवला. १८३५ मध्ये गुलामी संपली आणि मळ्यांवर माणसं पाहिजेत म्हणून त्याच्या थोडं आधीच, २ नोव्हेंबर १८३४ ला, ॲटलस जहाजातून ३६ भारतीय मजूर पोर्ट लुईला उतरले. हा ब्रिटिशांचा प्रयोग होता. तो मळेवाल्यांच्या फायद्याचा ठरला आणि पुढच्या पाऊणशे वर्षांत साडेचार लाखांवर माणसं तिथे आणली गेली. ज्या धक्क्यावर ती उतरली तो आप्रवासी घाट, २००६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. म्हणजे मॉरिशसमध्ये फ्रेंच असो, आफ्रिकेचा असो, बिहारचा असो की चीनचा, प्रत्येकाचा कोणीतरी पूर्वज बोटीतूनच आलाय, फक्त कोणी मालक म्हणून, कोणी साखळदंडात आणि कोणी करारावर. आम्ही मूळचे, तुम्ही उपरे, असं तिथे कोणी कोणाला म्हणूच शकत नाही.

फिजीत तसं नव्हतं. तिथे इतौकेई लोक, म्हणजे तिथले मूळ रहिवासी, तीन हजार वर्षांपासून होते, त्यांचे सरदार होते, गावं होती. १० ऑक्टोबर १८७४ ला सरदारांनी बेटं ब्रिटिशांच्या स्वाधीन केली आणि पुढच्याच वर्षी गोवराची साथ आली, चाळीस हजारांच्या आसपास माणसं मेली. अशा वेळी तिथे गव्हर्नर म्हणून आले सर आर्थर गॉर्डन, आणि हे गृहस्थ कुठून आले तर थेट मॉरिशसहून! तिथे १८७१ ते १८७४ ते गव्हर्नर होते, मळ्यांवर भारतीय मजुरांचे हाल किती होतात हे त्यांनी पाहिलं होतं, त्या हालांची चौकशी करायला शाही आयोगसुद्धा त्यांच्याच काळात नेमला गेला. फिजीत आल्यावर त्यांनी ठरवलं की इतौकेईंची जमीन गोऱ्यांना विकू द्यायची नाही आणि त्यांना मळ्यावर राबवायचंही नाही, त्यांचं गाव आणि त्यांची रीत जपायची. पण वसाहत चालवायला पैसा तर पाहिजे, तो साखरेतून येणार, आणि साखरेला मजूर भारतातून. म्हणजे एकाला वाचवायचं ओझं दुसऱ्याच्या पाठीवर. १४ मे १८७९ ला लिओनिडास जहाज पहिले मजूर घेऊन आलं आणि १९१६ पर्यंत साठ हजारांवर माणसं गेली. ॲग्रीमेंट शब्दाचं त्यांच्या तोंडी गिरमिट झालं आणि ते स्वतः गिरमिटिये झाले.

आता जमिनीचं बघा. मॉरिशसमध्ये १८७० नंतर साखरेचे दिवस फिरले तेव्हा मळेवाल्यांनी कडेकडेचे तुकडे पाडून विकायला काढले, त्याला तिथे ग्रां मोर्सेलमां म्हणतात, आणि करार संपलेल्या भारतीयांनी पै पै साठवून ते घेतले. आपल्या भाषेत सांगायचं तर त्यांचं सातबाऱ्यावर नाव लागलं. मोठे मळे फ्रेंच वंशाच्या घराण्यांकडेच राहिले, आजही बरेच आहेत, पण लहान का होईना स्वतःचा तुकडा असलेला भारतीय शेतकरी तयार झाला, त्याची मुलं शाळेत गेली आणि पुढे मतदारही झाली.

फिजीत जवळपास नव्वद टक्के जमीन आजही इतौकेईंच्या मताकालीची, म्हणजे भावकीची समजा, आणि ती विकताच येत नाही. १९४० पासून एक मंडळ ती भाडेपट्ट्याने देतं. १९७६ च्या कायद्याने पट्टे तीस वर्षांचे झाले, जुन्या पट्ट्यांची आधीची वर्षंही त्यात धरली गेली, म्हणून १९९७ पासूनच ते संपायला लागले. तीन पिढ्या एकाच शिवारात ऊस लावलेला, घर तिथेच बांधलेलं, आंबा आजोबांनी लावलेला आणि एक दिवस पट्टा संपला की सगळं सोडून निघायचं, कारण जमीन मुळात त्यांची कधी नव्हतीच. हे ऐकताना माझा जीव तुटतो, पण दुसऱ्या बाजूने बघा, इतौकेई माणसाला काय दिसत होतं? १९४६ च्या जनगणनेत भारतीय वंशाचे लोक त्याच्यापेक्षा जास्त भरले. दुकान, वकिली, ऊस बऱ्याच अंशी त्यांच्याकडे, आपल्या हातात उरली काय तर जमीन, तीही गेली तर? जगात कितीतरी मूळ रहिवाशांची जमीन गेलेली त्याला माहीत होती, त्यामुळे ती भीती खोटी नव्हती. त्या भीतीवर राजकारण करणारे मात्र भेटत गेले.

आणि फौज. मॉरिशसला सैन्यच नाही, पोलिसांच्या हाताखाली एक निमलष्करी दल आहे तेवढंच. फिजीला सैन्य आहे, त्यात बहुतेक सगळे इतौकेई, आणि १९७८ पासून ते लेबनॉनमध्ये आणि नंतर इतरत्र संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत जात राहिलंय, त्यामुळे देशाच्या मानाने ते बरंच मोठं आणि अनुभवी. १९८७ च्या एप्रिलमध्ये तिमोदी बावाद्रा यांचं सरकार निवडून आलं, ते स्वतः इतौकेई पण सरकारात भारतीय वंशाचे मंत्री बरेच, आणि १४ मे ला लेफ्टनंट कर्नल सितिवेनी राबुका सैनिक घेऊन संसदेत शिरले. तारीख बघितली का? लिओनिडास आलं तोच दिवस, १०८ वर्षांनी. सप्टेंबरमध्ये त्यांनीच दुसरा उठाव केला आणि देश प्रजासत्ताक जाहीर झाला. १९९९ मध्ये महेंद्र चौधरी भारतीय वंशाचे पहिले पंतप्रधान झाले, बरोबर एक वर्षाने १९ मे २००० ला जॉर्ज स्पेट आणि त्याच्या बंदूकधाऱ्यांनी त्यांना संसदेतच ओलीस धरलं, ५६ दिवस. चौथी वेळ डिसेंबर २००६, लष्करप्रमुख फ्रँक बैनिमारामा, आणि मग २०१४ पर्यंत निवडणूकच नाही.

मॉरिशसमध्ये सगळं गोडीगुलाबीचं होतं असं समजू नका. १९६८ च्या जानेवारीत, स्वातंत्र्याला दोन महिने असताना, पोर्ट लुईत दंगल झाली आणि ब्रिटिश सैनिक बोलवावे लागले. त्याआधी १९६७ च्या निवडणुकीत ४४ टक्के मतं स्वातंत्र्याला विरोध करणाऱ्या पक्षाला पडली होती, कारण अल्पसंख्याकांना हिंदू बहुमताची भीती वाटत होती. म्हणजे भीती तिथेही होती. पण पंतप्रधान शिवसागर रामगुलाम यांनी दीड-दोन वर्षांत त्याच विरोधकांना, गेतां दुव्हाल यांना, सरकारात घेतलं आणि परराष्ट्र खातं दिलं. मला वाटतं या एका निर्णयाने पुढची बरीच वर्षं वाचवली.

प्रश्न: मॉरिशस फिजीपेक्षा श्रीमंत कसा झाला? साखर तर दोघांकडेही होती.

माणशी उत्पन्न बघितलं तर मॉरिशस आज फिजीच्या साधारण दुप्पट आहे. आणि गंमत बघा, १९६१ मध्ये जेम्स मीड या अर्थतज्ज्ञांनी, ज्यांना पुढे नोबेल मिळालं, मॉरिशसबद्दल अहवाल दिला तो फार काळजीचा होता: मलेरिया गेल्यामुळे लोकसंख्या झपाट्याने वाढतेय, एकच पीक, कामं नाहीत. वर सहाशे माणसांचा आकडा दिला ना, ती होऊ घातलेली गर्दी तिथल्या नेत्यांना रात्रंदिवस दिसत होती, म्हणून ते हातावर हात ठेवून बसले नाहीत असं माझं मत आहे.

१९७० मध्ये त्यांनी निर्यातीच्या कारखान्यांसाठी सवलतीचा कायदा केला. १९७५ मध्ये युरोपशी साखरेचा करार झाला, त्यात ठरलेल्या चढ्या भावाने साखर घ्यायची हमी होती आणि सगळ्यात मोठा वाटा, वर्षाला पाच लाख टनांचा, मॉरिशसला मिळाला. फिजीचा दुसरा नंबर, पण वाटा एक लाख ६५ हजार टन. त्या पैशातला काही मळेवाल्यांनीच कपड्यांच्या कारखान्यांत आणि हॉटेलांत घातला, हाँगकाँगचे व्यापारी आले, हजारो बाया पहिल्यांदा पगारावर कामाला लागल्या. शिक्षण १९७०च्या दशकात माध्यमिकपर्यंत मोफत झालं, दवाखाना आधीपासून मोफत. पुढे पर्यटन, मग वित्तसेवा. भारतात येणारी परदेशी गुंतवणूक वर्षानुवर्षं मॉरिशसमार्गे का दिसायची तर १९८२ च्या करकरारामुळे, २०१६ मध्ये तो बदलला. त्यात वाचलेला कर भारताच्या तिजोरीत जायचा होता हेही म्हटलं पाहिजे, मला ती वाट कधीच योग्य वाटली नाही.

फिजीने तेच करून बघितलं, १९८७ नंतर करमाफीचे कारखाने काढले, कपडे ऑस्ट्रेलियाला पाठवले, पण त्याच १९८७ मध्ये फिजी डॉलरचं दोनदा अवमूल्यन झालं होतं आणि डॉक्टर, शिक्षक, हिशेबनीस सिडनी, ऑकलंड, व्हँकुव्हरची वाट धरत होते. ज्याचा पट्टा उद्या संपणार तो ऊसवाला नवीन लागण कशाला करेल? १९९०च्या दशकात पाच लाख टन साखर काढणारा देश आता दोन लाखांच्याही खाली आलाय. मॉरिशसचीही साखर सात लाखांवरून अडीच लाखांच्या आसपास उतरली, युरोपचा करार २००९ मध्ये संपला, पण तोवर त्यांचं पोट साखरेवर राहिलं नव्हतं, चोथ्यापासून वीज करतात आणि खास प्रतीची साखर विकतात.

फिजी आज पर्यटनावर चालतो, वर्षाला नऊ लाखांवर पाहुणे म्हणजे देशाच्या लोकसंख्येपेक्षा जास्त, आणि बाहेर गेलेल्यांनी घरी पाठवलेला पैसा. त्यात गेलेल्या भारतीय वंशाच्या कुटुंबांचा पैसा आहे तसा शांतिसेनेतल्या आणि परदेशात रग्बी खेळणाऱ्या इतौकेई पोरांचाही. रग्बीचं निघालंच आहे तर, २०१६ ला रिओमध्ये त्यांनी सेव्हन्सचं, म्हणजे सात-सात खेळाडूंच्या रग्बीचं, सुवर्ण जिंकलं, ते फिजीचं पहिलंवहिलं ऑलिंपिक पदक.

पण मॉरिशसच्या श्रीमंतीत सगळ्यांचा वाटा सारखा नाही. गुलामांच्या वंशातले क्रिओल लोक मागे राहिले, १९९९ च्या फेब्रुवारीत काया हा त्यांचा लाडका गायक पोलीस कोठडीत मेला आणि बेट पेटलं. स्वातंत्र्यानंतरची सगळ्यात मोठी दंगल तीच.

प्रश्न: दोन्हीकडे मतदान कसं होतं? जातीधर्माच्या जागा असतात म्हणे.

फिजीत होत्या, आता नाहीत. ब्रिटिशांच्या काळापासून वंशाप्रमाणे वेगळ्या मतदारयाद्या, १९९० च्या राज्यघटनेत तर पंतप्रधान इतौकेईच पाहिजे असं होतं. २०१३ च्या घटनेने ते काढलं, सगळा देश एकच मतदारसंघ आणि मतांच्या प्रमाणात जागा, पाच टक्क्यांच्या खाली पक्षाला काही नाही. याच घटनेने सगळ्या नागरिकांना फिजियन हे नाव दिलं, आधी तो शब्द फक्त मूळ रहिवाशांसाठी होता. मात्र त्याच घटनेत देशाची सुरक्षा आणि कल्याण ही एकंदर जबाबदारी लष्कराची असंही लिहून ठेवलंय, आणि ते वाक्य वाचून मला अजून धाकधूक वाटते.

मॉरिशसमध्ये २० मतदारसंघातून प्रत्येकी तीन आणि रॉड्रिग्समधून दोन असे ६२ खासदार. वर आठपर्यंत जागा हरलेल्यांतल्या उत्तम उमेदवारांना, ज्या समाजाला कमी प्रतिनिधित्व मिळालं त्याला. समाज चारच धरलेत: हिंदू, मुस्लिम, चिनी आणि बाकी सगळे. अडचण अशी की समाजाची मोजणी १९७२ नंतर केलीच नाही, त्यामुळे अजून तेच आकडे वापरतात. सोय म्हणून सुरुवातीला ती चांगलीच होती, घाबरलेल्यांना धीर मिळाला, पण पन्नास वर्षं जुन्या शिरगणतीवर आज प्रतिनिधी ठरवायचे हे काही बरोबर नाही. आणि लाट आली की ही पद्धत एकतर्फी होते, २०२४ च्या नोव्हेंबरात मुख्य बेटावरच्या साठच्या साठ जागा शिवसागर यांचे चिरंजीव नवीनचंद्र रामगुलाम यांच्या आघाडीला गेल्या, अशी ही तिसरी वेळ, याआधी १९८२ आणि १९९५.

प्रश्न: मराठी माणसं दोन्हीकडे आहेत का? आणि फिजीत ज्याने सरकार पाडलं तोच आता पंतप्रधान, हे भारतीय वंशाच्या लोकांनी कसं स्वीकारलं?

दोन वाचकांचे दोन प्रश्न आहेत, एकत्र घेतले. मराठी माणसं मॉरिशसमध्ये आहेत, कारण तिथे कोलकाता आणि मद्रासबरोबर मुंबई बंदरातूनही जहाजं गेली. आकड्याने थोडी आहेत पण शाळेत मराठी शिकवली जाते आणि गणेश चतुर्थीला सगळ्या देशाला सुट्टी असते. फिजीला मात्र जहाजं आधी कोलकात्याहून आणि १९०३ पासून मद्रासहूनही गेली, मुंबईहून नाही, म्हणून तिथे आपला असा समाज तयार झाला नाही.

राबुकांचं. २०२२ च्या डिसेंबरमध्ये ते निवडून आले ते एकट्याने नाही, तर ज्या नॅशनल फेडरेशन पक्षाला भारतीय वंशाच्या मतदारांचा जुना आधार आहे त्याला बरोबर घेऊन, आणि संसदेत २८ विरुद्ध २७ अशा एका मताने. त्या पक्षाचे बिमन प्रसाद अर्थमंत्री झाले. सगळ्यांनी मनापासून स्वीकारलं असं मी म्हणणार नाही, ज्यांची घरं १९८७ नंतर फुटली, मुलं कायमची परदेशी गेली, त्यांना ते कसं जमेल. त्या वर्षी देशात ४८ टक्क्यांवर असलेला हा समाज २००७ पर्यंत ३७ वर आला होता. पण १४ मे २०२३ ला, गिरमिट दिवसाच्या प्रार्थनासभेत, राबुकांनी सगळ्यांसमोर त्या उठावाची माफी मागितली, आणि त्या वेळी उठावाच्या बाजूने उभं राहिलेल्या मेथडिस्ट चर्चनेही मागितली. त्याच वर्षीपासून फिजीत गिरमिट दिवसाची सरकारी सुट्टी सुरू झाली. मॉरिशसमध्ये २ नोव्हेंबरची सुट्टी त्याच्या कितीतरी आधीपासून आहे, आणि तिच्यासोबत १ फेब्रुवारीची, गुलामी संपल्याची.